हजेरी, डीपी आणि जागच्या जागी दुरुस्ती

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो. मध्ये डोळ्याचे ऑपरेशन झाले, मग पावसाळा, मग लग्नसराई. "आबा, ब्लॉग बंद केला का?" असे फोन करून विचारणाऱ्या सर्व नातेवाईकांचे आभार. बंद केलेला नाही. विषय डोक्यात होता, पण तो मला नीट समजला आहे की नाही याचीच खात्री नव्हती.

विषय वाचून काहीजण हसतील. मी इतिहास आणि मराठी शिकवणारा माणूस. १९७२ साली, म्हणजे दुष्काळाच्या साली, मराठी माध्यमातून बी. ए. झालो आणि २००९ मध्ये निवृत्त झालो. विज्ञानाच्या तासाला फार तर बदली शिक्षक म्हणून बसलो असेन. आणि आज लिहिणार काय, तर मायक्रोकंट्रोलरच्या चिपमध्ये प्रोग्रॅम भरणाऱ्या एका छोट्या यंत्राबद्दल! पण कोणतीही वस्तू हाती आली की "ही आली कुठून?" असे विचारायची खोड जात नाही. शिवाय या गोष्टीत माझे स्वतःचे एक जुने देणे अडकलेले आहे. ते शेवटी सांगतो.

गोष्ट डिसेंबर २०२२ ची. आमच्या वडीगोद्रीच्या शिवारात चौदा विहिरींच्या मोटारी एकाच डीपीवर आहेत. (शहरातल्या नातेवाईकांसाठी: डीपी म्हणजे शेतातला ट्रान्सफॉर्मर, मोबाईलवरचा फोटो नव्हे!) त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता, विहिरी भरलेल्या, गहू जोमात. फक्त थ्री फेज लाइन एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. रात्री बारा-एकला थंडीत, साप-विंचवाच्या वाटेने मोटार चालू करायला कोण जाणार? म्हणून लोक स्टार्टरला ऑटोस्विच लावतात. लाइन आली की मोटार आपोआप सुरू. माणूस घरी झोपलेला.

यातली मेख अशी की लाइन सगळ्यांना एकाच क्षणी येते. मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. चौदा मोटारी एका दमात उठल्या तर डीपीचे काय होणार? म्हणूनच वीज कंपनी ऑटोस्विच काढा आणि कपॅसिटर बसवा असे वारंवार सांगत असते. आपण ऐकत नाही.

हायवेच्या कडेला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे मोटार वाइंडिंगचे दुकान आहे. नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. त्याने यावर तोड म्हणून स्वतः एक कार्ड तयार केले. लाइन आल्यावर जरा थांबून, तिन्ही फेज नीट आहेत का ते बघून मग मोटार लावणारे. चौदाही जणांनी घेतले. कार्डावर एक चिप, तिच्यात प्रोग्रॅम. चिपा त्याने औरंगाबादहून (आताचे छत्रपती संभाजीनगर) कुणाकडून तरी भरून आणल्या होत्या. चूक एवढीच झाली की सगळ्या चिपांत थांबायचा वेळ एकच होता, तीस सेकंद. म्हणजे आधी चौदा मोटारी लाइनबरोबर उठत, आता लाइनीनंतर बरोबर तीस सेकंदांनी एकदम उठू लागल्या! चौथ्या रात्री डीपी जळाली.

नवी डीपी येऊन चालू होईपर्यंत नऊ दिवस गेले. गव्हाला पहिले पाणी एकविसाव्या दिवसाच्या सुमारास, मुकुटमुळे फुटताना लागते. तेच हुकले. दोघा-तिघांचा गहू त्यात बसला. मारुतीच्या पारावर बैठक झाली आणि ठरले: आठ दिवसांत कार्डे काढून न्यावीत आणि सगळ्यांचे पैसे परत करावेत. तो खाली मान घालून ऐकत होता. मी पारावरच होतो. त्याला तसे बसलेले मी पूर्वीही एकदा पाहिले होते.

त्याच आठवड्यात पुण्याहून माझा नातू सुट्टीला आला. तो इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. जेवताना मी सगळी कथा सांगितली, तर तो म्हणाला, "आबा, कार्ड फेकायची गरजच नाही. चिप कार्डावरच राहू द्या, मी तिथल्या तिथे प्रोग्रॅम बदलतो." आणि बॅगेतून काड्यापेटीएवढी एक हिरवी पट्टी काढली. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला रिबनसारखी चपटी वायर. याला म्हणतात इन-सर्किट प्रोग्रॅमर. मी माझ्यापुरते त्याचे नाव ठेवले, जागच्या जागी लिहिणारा.

आता इतिहास. नातवाने सांगितलेले, मी नंतर वाचलेले, दोन्ही एकत्र करून लिहितो.

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपवर बसवलेला छोटासा संगणक. वॉशिंग मशीन, रिमोट, वीजमीटर, सगळीकडे तो असतो. अमेरिकेच्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये गॅरी बून आणि मायकेल कॉक्रन यांनी १९७१ च्या सुमारास त्याची सुरुवात केली आणि १९७४ मध्ये टीएमएस १००० ही चिप बाजारात आली. तिच्यातला प्रोग्रॅम कारखान्यात, चिप घडवतानाच कोरला जाई. आमच्या इतिहासाच्या भाषेत हा शिलालेख. एक अक्षर चुकले की पुन्हा नवा दगड. त्यामुळे चिपा हजारोंच्या संख्येने घेणाऱ्यालाच ते परवडायचे. वाइंडिंगच्या दुकानदाराचे तिथे काय काम?

शिलालेखाची पाटी कशी झाली, ती कथा मला फार आवडली. डॉव्ह फ्रोमन नावाचे इस्रायली शास्त्रज्ञ इंटेल कंपनीत होते. कंपनीच्या एका चिपमध्ये दोष येत होता, तो शोधायचे काम त्यांच्याकडे आले. दोष शोधता शोधता त्यांच्या लक्षात आले की चारी बाजूंनी बंद, कशालाही न जोडलेल्या कप्प्यात विजेचा भार अडकवून ठेवता येतो आणि तो वर्षानुवर्षे टिकतो. म्हणजे हीच लिहायची जागा! १९७१ मध्ये ईप्रॉम जगासमोर आली. पुसायची असेल तर चिपच्या डोक्यावर काचेची छोटी खिडकी असे, तिच्यातून अतिनील किरण पंधरा-वीस मिनिटे पाडायचे. मग खिडकीवर कागदी चिकटपट्टी लावायची, नाहीतर उन्हाने हळूहळू पाटी कोरी व्हायची. एका चुकीच्या पाठीमागे लागून पुसता येणारी पाटी सापडली, हे मी वर्गात सांगितले असते तर मुलांना किती आवडले असते.

इंटेलने १९७६ मध्ये ८०४८ आणि १९८० मध्ये ८०५१ हे मायक्रोकंट्रोलर काढले. त्यांचे खिडकीवाले भाऊही होते, ८७४८ आणि ८७५१. आपल्याकडे इंजिनिअरिंग आणि डिप्लोमाच्या पोरांनी ८०५१ इतका घोकला की विचारू नका. तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत मिळायचा. भारतानेही स्वतःच्या चिपा करायला मोहालीत सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स हा सरकारी कारखाना काढला होता. १९८४ मध्ये तिथे उत्पादन सुरू झाले आणि ७ फेब्रुवारी १९८९ च्या आगीत ते बहुतेक राख झाले. हा धडा आमच्या पुस्तकात कधी आला नाही.

पण पाटी झाली तरी एक कटकट होतीच. प्रोग्रॅम बदलायचा तर चिप बेसवरून उपटायची, दिव्याखाली पुसायची, वेगळ्या मोठ्या प्रोग्रॅमरमध्ये ठेवून भरायची, परत आणून बसवायची. पाय वाकायचे, तुटायचे. चिपला डाग देऊन (म्हणजे सोल्डर करून) पक्की बसवलेली असली तर संपलेच.

ही कटकट दोन टप्प्यांत गेली. पहिला टप्पा, विजेनेच पुसता येणारी मेमरी. इंटेलमध्ये जॉर्ज पर्लेगोस या मूळच्या ग्रीक इंजिनिअरने त्यावर काम केले. पुढे १९८४ मध्ये त्यांनी ॲटमेल ही कंपनी काढली. त्याच वर्षी जपानच्या तोशिबामधले फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश मेमरी जगासमोर मांडली. इंटेलच्या पहिल्या फ्लॅश तंत्राच्या संशोधकांत विनोद धाम हे एक होते. तेच ते पेंटियमवाले, जन्म पुण्याचा! आता खिडकी नको आणि दिवाही नको.

दुसरा टप्पा, चिप न उपटता दोन-चार तारांवरून तिच्याशी बोलायची सोय. १९९३ मध्ये मायक्रोचिप कंपनीची पिक १६सी८४ आली. ती विजेने पुसता यायची आणि मोजक्या तारांवरून भरता यायची. मग नॉर्वेत ट्रॉनहाइमच्या तंत्रशिक्षण संस्थेतले आल्फ-एगिल बोगेन आणि वेगार्ड वोलान या दोन विद्यार्थ्यांनी एक नवी रचना केली. ॲटमेलने ती घेतली आणि एव्हीआर नावाने बाजारात आणली. आमच्या विद्यार्थ्याच्या कार्डावरची एटीमेगा८ ही त्याच घराण्यातली. (पिक आणि एव्हीआर यांच्या भक्तांची वर्षानुवर्षे भांडणे चालत. २०१६ मध्ये मायक्रोचिपने ॲटमेलच विकत घेतली. इतिहासात असे होतेच!)

नातवाकडचा प्रोग्रॅमर 'यूएसबीएएसपी' नावाचा. जर्मनीच्या थॉमस फिशल यांनी तो तयार केला आणि नकाशासकट सगळ्यांसाठी खुला ठेवला. म्हणून तो कोणीही बनवतो आणि म्हणून तो स्वस्त. गंमत म्हणजे त्याच्या आतही एक मायक्रोकंट्रोलरच असतो. मी विचारले, "मग ह्याच्यात पहिल्यांदा कोणी लिहिले?" नातू म्हणाला, "दुसऱ्या प्रोग्रॅमरने." "आणि त्याच्यात?" "तिसऱ्याने. पूर्वी कॉम्प्युटरच्या प्रिंटरच्या पोर्टला चार तारा जोडून करायचे." गुरूला गुरू, त्याला गुरू, आणि अगदी शेवटी चार तारा. मला बरे वाटले.

तर दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे पहिल्या विहिरीवर गेलो. विद्यार्थ्याने आधी मेन स्विच पाडला, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घातले आणि मग कार्डाला हात लावू दिला. लॅपटॉप जोडायचा तर कार्डाला लाइनीचा स्पर्श नको, हे नातवाने सांगायच्या आत त्याने केलेले होते. कार्डाच्या कोपऱ्यात सहा बारीक भोके होती. त्याने कुठल्याशा नकाशावरून कार्ड उतरवताना ती कशाला आहेत हे न समजताच ठेवली होती. नातवाने त्यात सहा पिना डागल्या.

सहा पिना म्हणजे सहा कामे. एक पाच व्होल्टची, एक ग्राउंडची. एकीवरून चिपकडे मजकूर जातो, दुसरीवरून उत्तर येते. तिसरी ताल धरते, एकेका ठोक्याला एकेक बिट. आणि शेवटची रिसेट. ही रिसेटची तार खाली दाबून धरल्याशिवाय चिप ऐकतच नाही. तिचे चालू काम आधी थांबवावे लागते, मगच ती लिहू देते. ग्राउंड दोघांचे एक नसेल तर बोललेले कळत नाही.

पहिल्या प्रयत्नाला लॅपटॉपवर उत्तर आले की समोरची चिप बोलत नाही. वायर तपासली, ठीक. पिना तपासल्या, ठीक. मग नातवाला सुचले. ही चिप आतल्या घड्याळावर एक मेगाहर्ट्झने चालते आणि प्रोग्रॅमरने तिच्या वेगाच्या चौथाईपेक्षा हळू बोलायचे असते, म्हणजे २५० किलोहर्ट्झच्या खाली. याचा प्रोग्रॅमर ३७५ ने बोलत होता. पट्टीवरच्या एका जोडीवर छोटी टोपी बसवून वेग कमी केला आणि चिपने आपली ओळख सांगितली: १ई ९३ ०७. ही एटीमेगा८ ची सही. विद्यार्थी माझ्याकडे बघून म्हणाला, "सर, लई फास्ट शिकवत व्हते भैय्या." आम्ही हसलो. मी जरा कमी हसलो.

आतला जुना प्रोग्रॅम वाचायला गेलो तर कुलूप. असे कुलूप काढता येते, पण सगळे पुसूनच. म्हणून नातवाने सगळ्या तारा मीटर लावून समजून घेतल्या आणि रात्री बसून प्रोग्रॅम नव्याने लिहिला. फ्यूज बिट म्हणून एक प्रकार असतो, त्याला मात्र त्याने हात लावला नाही. तिथे शून्य म्हणजे 'हो' आणि एक म्हणजे 'नाही', सगळे उलटे. त्यात चुकून रिसेटचीच पिन बंद केली की हा प्रोग्रॅमर पुन्हा त्या चिपशी बोलू शकत नाही. मग बारा व्होल्टचे वेगळे यंत्र लागते.

राहिला प्रश्न चौदा मोटारींचा. प्रत्येकीला वेगळा वेळ द्यायचा, पण चौदा वेगळे प्रोग्रॅम ठेवले तर घोळ होणार. इथे माझी बी. ए. उपयोगी पडली! मी म्हणालो, "शाळा सुटताना आम्ही सगळी पोरे एकदम सोडत नसू. रांगेने सोडायचो. यांना हजेरी क्रमांक द्या." नातवाने मांडी थोपटली. चिपमध्ये प्रोग्रॅमशिवाय ईईप्रॉम नावाची छोटी वेगळी वही असते. तिच्यात फक्त क्रमांक लिहायचा, एक ते चौदा. प्रोग्रॅम सगळीकडे एकच: आपला क्रमांक वाच, त्याला चाळीस सेकंदांनी गुण, तेवढे थांब आणि मोटार लाव. चौदाव्या मोटारीला सव्वानऊ मिनिटांच्या वर थोडे. कोणाचे काही बिघडत नाही.

दोन दिवसांत चौदा कार्डे झाली. एकही काढावे लागले नाही. तिसऱ्या रात्री बारा वाजता लाइन यायची होती. आम्ही मफलर बांधून डीपीजवळ उभे राहिलो. पारावर बोललेले चार-पाच जणही आले, काय होते ते बघायला. लाइन आली. चाळीस सेकंद. पहिली मोटार उठली. मग दुसरी... पण पुढे तीन, चार आणि पाच गैरहजर! सहापासून पुढच्या सगळ्या नीट आल्या. डीपी शांत होती, पण तीन जणांचे पाणी नाही. लोक पुन्हा कुजबुजू लागले.

नातवाचा चेहरा उतरला. तेव्हा विद्यार्थ्याने विचारले, "भैय्या, त्या तिघांत तुम्ही आकडा आधी टाकला का प्रोग्रॅम आधी?" तिथेच होते! प्रोग्रॅम भरताना चिप आधी पूर्ण पुसली जाते, वहीसुद्धा. त्या तिघांत नातवाने क्रमांक आधी लिहिला होता, तो पुसला गेला. कोऱ्या खान्यात असतो २५५. म्हणजे २५५ गुणिले ४० सेकंद, दोन तास पन्नास मिनिटे! मोटारी बिघडल्या नव्हत्या, बिचाऱ्या आपल्या पाळीची वाट बघत बसल्या होत्या. पहाटे तीनच्या आत तिन्ही उठल्या, हे विद्यार्थ्याने जागे राहून स्वतः पाहिले. सकाळी तिघांत क्रमांक पुन्हा लिहिले. लिहिताना यंत्र त्याच्या हातात होते.

आता माझे देणे. १९९६ मध्ये हा दहावीला इंग्रजीत नापास झाला. वडील शाळेत आले, हा शेजारी खाली मान घालून. मी म्हणालो, "याच्यावर पैसे घालवू नका. हा शिकणारा नाही, रानात घाला." वडिलांनी माझा शब्द खरा मानला. गुरुजींचा शब्द होता ना! पुढे त्याने सतरा नंबरचा फॉर्म भरून, रोजंदारी करून आयटीआय केले, ते मला फार उशिरा कळले. मी त्याला ना वेग कमी करून शिकवले, ना त्याचे ऐकून घेतले. सही तेवढी ठोकली.

त्या सकाळी विहिरीच्या कडेला मी त्याला हे बोलून दाखवले. तो वायर गुंडाळत होता. म्हणाला, "सर, तवा तुम्ही खरंच बोलले व्हते. मला इंग्रजी येतच नव्हतं." मग जरा थांबून म्हणाला, "पण आमच्या बापाला सांगायला नको व्हतं." यावर मला काही उत्तर सुचले नाही. आजही सुचत नाही. वडील २०११ मध्ये गेले. त्यांच्यापर्यंत आता कोणतीही तार जात नाही.

त्या रात्री आम्ही पुन्हा डीपीपाशी गेलो. मी हातात वही घेतली होती, सवयीने. एक. दोन. तीन आली, चार आली, पाच आली. दर चाळीस सेकंदांनी अंधारात कुठेतरी एक मोटार गुणगुणायला लागायची आणि मी खूण करायचो. चौदाव्या खुणेनंतर वही मिटली. पैसे परत मागायचा विषय त्यानंतर निघाला नाही. ती डीपी आजपर्यंत जळालेली नाही. नातू जाताना आपला प्रोग्रॅमर त्याच्याकडेच ठेवून गेला.

असो. लेख लांबला. तांत्रिक भागात चुका असतील, जाणकारांनी जरूर कळवाव्यात. हा काही शिलालेख नाही, ब्लॉग आहे. जागच्या जागी दुरुस्त करीन.